तू मागं उभी होतीस

२३ नोव्हेंबर
मुक्काम हॉलंड

स्नेहा,

जयभीम. आशीर्वाद लिहीत नाही. तो तुला नको असेल, आणि माझ्याकडे शिल्लक आहे की नाही ते मलाही बघावं लागेल.

पाकीट बघून तुझे वडील म्हणतील, विहीणबाईंना आता टपाल सुचलं. त्यांना सांग, तुमच्या लेकीने सासूचा फोन बंद करून ठेवलाय म्हणून सुचलं. कपिलच्या फोनवरून लावला तर दिराशी तू हसून बोलतेस. मी हॅलो म्हटलं की आवाज तुटतो. तुझ्या माहेरच्या, अवसरीच्या टॉवरला माझाच आवाज बरा ओळखू येतो. म्हणून लिहितेय. मी तिसरीतून उठवलेली पोर, नंतर प्रौढांच्या वर्गात पुन्हा अक्षरं गिरवली, तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नकोस. पाकीट मी स्वतः चिकटवते. कपिल फक्त तिकीट लावून पेटीत टाकतो.

तीन महिने लेकाकडे फिरायला चालले, असं सगळ्या निमगाव सावात सांगून आले. फिरणं म्हणजे काय ते इथं कळलं. स्वेटरवर स्वेटर चढवायचा, बाहेर जायचं, गार व्हायचं, परत यायचं. दुपारी चारलाच दिवस मावळतो. शेजारची बाई रोज हात करते, मीही करते, दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नाही. त्यामुळे अजून भांडण झालं नाही.

कपिलच्या कामावर जाऊन आले. टोमॅटो काचेच्या घरात. वेल छताला टांगलेले, मुळं कसल्या तरी लोकरीच्या विटेत. मी विचारलं, "आरं, माती कुठाय?"

"मातीची गरज न्हाई आई हितं."

"मंग एक दिवस तुजीबी लागायची न्हाई."

हसला. 

आता त्या दिवसाचं. मी माघार घ्यायला लिहितेय असं समजू नकोस. ओढ्याकडच्या कांद्यात पहिली खुरपणी चालली होती. आठ बायका वाकलेल्या, मी धरून. आणि तू माझ्यामागं उभी. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर गाणी मोठ्यानं लावलेली. दहा वाजले, अकरा वाजले, तू खुरपं हातात धरीना. घरची सून अशी उभी राहिली तर रोजाच्या बायकांनी का वाकावं? म्हणून बोलले. "राणीसाहेब, खुरपं टोचतंय का? वाकती ती कामाची, उभी ऱ्हाती ती फुकट खायची." बायका हसल्या. शेजारची भागू, कुशाबाची बायको, सगळ्यांत मोठ्यानं हसली. तिला काय, तिला सून नाही.

तू उलट बोलली असतीस तर बरं झालं असतं. तू कोयता बांधावर ठेवलास, प्रतीक्षाला शाळेतून घेतलंस आणि दिवस असतानाच अवसरीची गाडी धरलीस. संघर्ष म्हणाला, "आई, मी जाऊन आणतो तिला." मी म्हणाले, "तिला वाट ठाऊक हाय." त्याला आता तीन आठवडे झाले.

एक विचारायचं होतं. संघर्ष व्हिडिओ लावून अंगण दाखवतो तेव्हा काळ्या दिसत नाही. कुत्रं कुठं गेलं म्हटलं तर म्हणतो, "गेला आसंल कुठंतरी." ऊस पुरुषभर वाढलेला असतो त्या दिवसांत कुत्रं कुठं जात नसतं. नेलं जातं. तुला संघर्षने काही सांगितलं असेल तर कपिलला सांग. मला सांगू नकोस.

फुलाबाई


७ डिसेंबर
हॉलंड

स्नेहा,

पहिलं पत्र तुला अजून पोचलं नसेल. कपिल म्हणतो पंधरा-वीस दिवस धर. तरी दुसरं लिहितेय, कारण तेवढा दम नाही.

काल सहा डिसेंबर. कपिलने टेबलावर बाबासाहेबांचा फोटो ठेवला, मेणबत्ती लावली. आम्ही दोघांनी त्रिशरण म्हटलं. गावच्या विहारात तू पुढं बसून पोरींना म्हणायला लावतेस, तेव्हा मागून सगळ्या बायकांचा आवाज येतो. इथं संघं सरणं म्हणताना मला एकदम थांबायला झालं. दोन माणसांचा काय संघ. कपिलला वाटलं मी शब्द विसरले. विसरले म्हणून त्याला सांगितलं.

नंतर तो मला कामावर घेऊन गेला, सुट्टी असून त्याला काहीतरी बघायचं होतं. तिथं पावसाच्या पाण्याची मोठी लोखंडी टाकी आहे, आपल्या समाजमंदिराएवढी. ती धुवायला एक माणूस आत उतरला होता. आणि एक बाहेर, टाकीच्या तोंडाशी, नुसता उभा. हात बांधून. मी अर्धा तास बघितलं, तो हलला नाही. पाइप नाही, झाडू नाही, काही नाही.

मी म्हटलं, "ह्यो कोन जावई?"

कपिल म्हणाला, "त्याचं त्येच काम हाय."

"उभं ऱ्हायचं?"

"उभं ऱ्हायचं आन् बघायचं. आत काय झालं तर आतल्याला कळत न्हाई, आई. भायेरच्याला कळतं. हा उभा नसंल तर त्याला आत उतरूच देत न्हाईत."

"आन् काय झालंच न्हाई तर?"

"तर दिवसभर उभा ऱ्हायला, आन् आतला घरी गेला."

स्नेहा, मी तिथंच एका उलट्या क्रेटवर बसले. कपिलला वाटलं थंडी बाधली.

कामचुकार बाई सावली बघून उभी राहते. तू उन्हात उभी होतीस. कामचुकार बाई मोबाइलकडे बघते. तुझं तोंड उसाकडे होतं. आणि गाणी इतक्या मोठ्यानं, जी तुला घरात कधी लागत नाहीत. वाकलेलं माणूस बिबट्याला जनावराएवढंच दिसतं, हे आपल्याकडे शेंबडं पोर सांगेल. दोन तास तू कोयता धरून माझ्या पाठीशी उभी होतीस, आणि मी तुला सात बायकांत फुकटखाऊ म्हणाले.

इथं बसमधून उतरतानासुद्धा ड्रायव्हरचे आभार मानतात. आपल्यात घरच्या माणसाला असलं म्हणायची रीत नाही, आणि मी तर परक्यालाही कधी म्हटलं नाही. मी एवढंच लिहिते की तुझे माझ्यावर उपकार झाले. सातासमुद्रापार येऊन, एका गोऱ्या माणसाला नुसतं उभं राहिलेलं बघून मला ते कळलं. हसायचं तर हस.

आता दुसरं. काल संघर्ष बोलला. भागूची शेळी गेली. गोठ्याच्या मागून, भर दुपारी. फॉरेस्टवाले येऊन गेले, पिंजरा लावू म्हणाले, अजून लावला नाही. आणि म्हणाला, पुढच्या आठवड्यात दुसरी खुरपणी आहे, स्नेहाला आणायला जातो.

तू येऊ नकोस. आलीस तर ओढ्याकडच्या कांद्यात उतरू नकोस. मी कपिलला तुला फोन लावायला लावला, तो निरोप तुला मिळालाय. तू म्हणालीस, "आईंना सांगा, मी कशाला जातेय तिकडं." बरं वाटलं. कपिलने फोन ठेवला आणि विचारलं, "का गं आई, काय हाय त्या रानात?"

"गाजरगवत," मी म्हणाले.

फुलाबाई


१३ डिसेंबर
हॉलंड

स्नेहा,

मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं. उरलेलं तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि तूही सांगितलेलं नाहीस, असं मला वाटतं.

खुरपणीच्या दिवशी सकाळी सातला मी रानात एकटी गेले होते. रात्री पाट फुटून उसाच्या कडेला चिखल झाला होता. त्या चिखलात ठसा होता. माझ्या पंज्याएवढा, नखं न उमटलेला. कुत्र्याची नखं उमटतात, ह्याची नाही उमटत. शेजारी दुसरा, बारका, बिस्किटाएवढा. म्हणजे पिल्लू घेऊन मादी आलेली, आणि पिल्लू घेतलेली मादी उठून दुसरीकडे जात नाही. कडा ओल्या होत्या. फार वेळ झालेला नव्हता.

मी ते पायाने पुसलं. दोन्ही. मग पाटाचं पाणी तिकडं वळवलं.

वळले तर तू बांधावर, चहाची किटली घेऊन. तू माझ्या पायाच्या चिखलाकडे बघितलंस.

"घसरले," मी म्हणाले.

"बरं," तू म्हणालीस.

का पुसलं ते सांगते. गेल्या वर्षी नुसती आवई उठली होती तर पंधरा दिवस एक बाई रानात आली नाही. गवताने कांदा गिळला. ह्या वर्षी तसं होऊ द्यायचं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, आठ बायका, एवढा कालवा, जनावर कशाला थांबतंय. आयुष्य गेलं उसाच्या कडेला, मला काय झालं? असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या कुणाला समजावायची वेळ येऊ दिली नाही.

तू बायकांना सांगू शकली असतीस. मग सासूचं पितळ गावात उघडं पडलं असतं. तू माझी अब्रू ठेवलीस आणि कोयता घेऊन उभी राहिलीस. तीही कुणाच्या मागं? उसाच्या कडेची ओळ माझी होती, म्हणून माझ्या. जिनं ठसा पुसला तिच्याच मागं. हे मला टाकीपाशी कळलं नाही. ते नंतर, अंथरुणात पाय गरम होईनात तेव्हा कळलं.

मी इथं फिरायला आले नाही, स्नेहा. कपिलने तिकीट कधीपासून काढून ठेवलं होतं, मीच जात नव्हते. तू गेलीस आणि रोज सकाळी त्या बांधावरून जाणं मला होईना. पळून आले.

आणि आज जे लिहायला बसले ते हे. तू रानात जाणार नाहीस असं कळल्यावर मला झोप लागली. आठवडाभर लागली. आपली सून वाचली एवढ्यावर मी गप्प बसले. बाकीच्या बायका उद्या-परवा त्याच ओळी धरणार. कोण उभं राहणार त्यांच्यामागं? उभी राहणारी फुकट खाते, हे मी त्यांना शिकवून आले. एकदा फोन लावून संघर्षला सांगायचं, उसाच्या कडेला बाई बसवू नको, मी ठसा बघितलाय. एवढंच. पण तो विचारणार, कधी बघितला. आणि मग विचारणार, तेव्हा का नाही बोललीस.

उद्या सकाळी सांगते. आज तिकडं उशीर झाला असेल, तो दमून आला असेल.

फुलाबाई


१४ डिसेंबर

स्नेहा,

मी फोन लावायच्या आधी त्याचाच आला.

तुला माझ्या आधी कळलं असणार. तरी मला जसं कळलं तसं लिहिते. काल पाचच बायका आल्या होत्या. भागू उसाच्या कडेच्या ओळीला बसली, मी बसायचे तिथं. सकाळचे अकरा. संघर्ष पाण्याच्या मोटारीपाशी होता. कुणी उभं नव्हतं. बायका म्हणतात, आवाजसुद्धा झाला नाही, भागूचं खुरपं तेवढं मागं राहिलं. ओरडत पाच-पन्नास माणसं उसात शिरली तेव्हा तिला टाकून गेलं. मंचरच्या दवाखान्यात नेईपर्यंत गेली.

इथं तेव्हा सकाळचे साडेसहा. म्हणजे मी दुपारी बसून तुला लिहीत होते, तेव्हा भागू गेलेली होती. उद्या सांगते असं लिहिलं तेव्हा तो उद्या संपून गेला होता.

संघर्ष फोनवर रडत होता. चाळीस वर्षांचा बाप्या. "आई, मी हाकेवर व्हतो," एवढंच परत परत. तेव्हाही मी त्याला सांगितलं नाही. म्हणाले, "मी येते."

कपिल तिकीट बदलतोय. त्याला वाटतं मी भागूसाठी चालले. भागूसाठीच चालले आहे, पण तो समजतो तसं नाही.

फुलाबाई


२२ डिसेंबर
निमगाव सावा

स्नेहा,

परवा आले. हे पत्र मंचरला जाणाऱ्या माणसाच्या हाती तुझ्या माहेरी देते आहे, टपालाने नाही.

दोन पिंजरे लागलेत, एक ओढ्याला, एक आपल्या गोठ्यामागं. आत शेळ्या. चार दिवस झाले, दोन्ही शेळ्या धडधाकट आहेत. म्हणजे तिला शेळी नको, किंवा तिला पिंजरा कळतो. बायका रानात जात नाहीत. कांदा गवतात गेला. मी तिकडं बघत नाही. ऊसतोडीची टोळी पंधरा जानेवारीनंतर, तोवर ऊस असाच उभा. वारा नसताना कधी कधी मधलेच चार ऊस हलतात. प्रतीक्षाला पाठवू नकोस. तिची शाळा बुडू दे.

काल सकाळी कुशाबाकडे गेले. तो ओट्यावर बसला होता, हातात फॉरेस्टने वाटलेला, बिबट्याने मान धरू नये म्हणून गळ्यात घालायचा खिळ्यांचा पट्टा. भागूसाठी आणलेला, घालून बघितलेला नाही. त्याची भावजय आत भाकऱ्या थापत होती.

"या मावशी. लई लांबून आलात."

"कुशाबा, मला बोलायचंय. आधी ऐक, मंग काय करायचं ते कर."

सगळं सांगितलं. चिखल, ठसा, पाय, पाणी. आत भाकरी थापायचा आवाज थांबला. कुशाबा पट्ट्याचा खिळा अंगठ्याने दाबत राहिला.

"केवढा व्हता?"

मी पंजा पुढं केला.

"आन् संगं बारका?"

"बारका बी व्हता."

माझ्या पंज्याकडं तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "कोनत्या पायानं पुसला?"

असला प्रश्न मला कुणी विचारील असं वाटलं नव्हतं. म्हणाले, "उजव्या."

त्यानं मान हलवली, जसं काही हेच एक त्याला कळायचं राहिलं होतं. मग त्यानं विचारलं, "स्नेहाला म्हाईत व्हतं?"

स्नेहा, आठ दिवस मी विमानतळावर, विमानात, गाडीत सगळी उत्तरं तयार केली होती. हे एक केलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणाले.

"मंग ती कोयता घेऊन तुमच्यामागं का उभी व्हती? भागू घरी येऊन सांगत व्हती, फुलामावशीची सून दिवसभर उभीच."

भावजय दारात येऊन उभी राहिली होती. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होती. तू ओळखलं होतंस आणि बोलली नव्हतीस, एवढं त्यांना कळलं असतं तर भागूचा अर्धा जीव त्यांनी तुझ्या पदरात टाकला असता. तुझ्या, आणि उद्या प्रतीक्षाच्या. माझं वय झालं, माझ्या पदरात सगळा मावतो.

"कामचुकार हाय ती," मी म्हणाले. "म्हून उभी व्हती. म्हून तर घालवली."

कुशाबा म्हणाला, "जावा आता मावशी. उद्या फॉरेस्टचे सायेब येत्यात. त्यांच्याम्होरं ह्येच सांगा."

"सांगते."

आज दहाला ते आले, समाजमंदिरापुढं सगळा गाव जमला. सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली, अंगठा नाही. संघर्षनं तिथंच ऐकलं. तो घरी आला आणि जेवला नाही, माझ्याशी बोललाही नाही. त्याचंही मी मनात धरत नाही. भागूची भावकी काय करायचं ते ठरवील. वाटेत समोरून येणाऱ्या बायका आता बाजूला होतात.

आणि तू निमगावात कायमची कामचुकार ठरलीस. दुसऱ्यांदा, माझ्याच तोंडून. ह्या वेळी तुझं भलं म्हणून, पण ते मला कुणाला सांगता यायचं नाही. ऐकून घे. खरं सांगायला धावत येऊ नकोस. तू आलीस की माझी सही खोटी होईल आणि तुझी खरी होईल, आणि त्याचा भागूला काही उपयोग नाही.

संघर्षलाही सांगू नकोस. तो चांगला आहे, म्हणूनच त्याच्या पोटात राहायचं नाही.

आता काम सांगते. हॉलंडहून टाकलेली माझी पत्रं अजून वाटेत आहेत. एक आलं असेल, बाकीची येतील. त्यांत तू बांधावर होतीस असं लिहिलंय. उसाकडे तोंड करून का उभी होतीस, तेही लिहिलंय. ती कुणाच्या हाती लागू देऊ नकोस, तुझ्या वडिलांच्याही नाही. पोस्टमनला सांगून ठेव, तुझ्याच हातात द्यायची.

आली की आधी एकदा वाच. तुझे उपकार मी तिथंच मानलेत, दुसरीकडे कुठं मला ते मानता येणार नाहीत. वाचून झाली की चुलीत घाल. हेही त्यांच्याबरोबर घाल.

फुलाबाई